नव्या वैमानिकाचे वेळापत्रक आणि घरच्यांचे घड्याळ



गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हापासून भंडारा-गोंदियाच्या लोकांना प्रशिक्षणार्थी वैमानिकांचे फारसे नवल राहिलेले नाही. एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडिया आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून उभारलेली ही संस्था आपल्या धानाच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे ‘आमच्या मुलीला पायलट व्हायचे आहे, तिचे डोळे चालतील का,’ असा प्रश्न एकोडीसारख्या गावातील डॉक्टरलाही आता विचारला जातो. डोळे, कान, रक्तदाब आणि वजन यांविषयी पालक बारकाईने चौकशी करतात. नोकरी लागल्यावर मुलाचा किंवा मुलीचा दिवस कसा जाईल, ती झोपेल केव्हा आणि जेवेल केव्हा, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

म्हणून आजच्या लेखात आपण नव्याने रुजू झालेल्या वैमानिकाच्या कामाच्या वेळा कोण ठरवतो, जादा तासांचे पैसे कसे मिळतात आणि या दोहोंचा त्याच्या झोपेशी कोणता संबंध आहे, ते पाहू. आपल्या घरात वैमानिक नसला तरी हा लेख आपल्यासाठी आहे. वरठीच्या पोलाद कारखान्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणीत पाळीने काम करणारे अनेक वाचक हे पाक्षिक घेतात. रुग्णालयातील परिचारिका आणि रुग्णवाहिकेचे चालकही आहेत. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री येते, त्या आठवड्यात बांधावर जागणारे शेतकरीही आहेत. या सगळ्यांच्या शरीराला लागू होणारा नियम एकच आहे.

वेळापत्रक कोण ठरवतो?

व्यावसायिक परवाना हाती आला म्हणजे वैमानिक लगेच प्रवाशांना घेऊन उडू लागतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कंपनीत रुजू झाल्यावर त्याला आधी विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यातील बराचसा भाग सिम्युलेटरवर होतो. सिम्युलेटर ही यंत्रे दिवसरात्र चालवली जातात, त्यामुळे नवख्याच्या वाट्याला मध्यरात्रीनंतरची वेळही येऊ शकते. त्यापुढे प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रत्यक्ष प्रवासी विमानावर उड्डाणे होतात. या काळात त्याचे वेळापत्रक प्रशिक्षकाच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. प्रशिक्षकाची सुट्टी आली की याचेही काम थांबते आणि प्रशिक्षक पहाटे निघाला की यालाही पहाटेच निघावे लागते. हे सर्व पार पडल्यावर तो फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून नियमित कामाला लागतो.

पुढे त्याचे वेळापत्रक, ज्याला ‘रोस्टर’ म्हणतात, कंपनीचा स्वतंत्र विभाग तयार करतो. त्यात उड्डाणाचे दिवस, परगावी हॉटेलात मुक्कामाचे दिवस, प्रशिक्षणाचे दिवस, साप्ताहिक विश्रांती आणि ‘स्टँडबाय’ म्हणजे राखीव ड्यूटीचे दिवस असतात. राखीव दिवशी वैमानिक घरी किंवा विमानतळावर तयार असतो. कोणी आजारी पडले किंवा एखादे विमान उशिरा आले, तर त्याला बोलावणे येते. फोन येईल की नाही हे त्याला ठाऊक नसते. दिवस रिकामा गेला तरी मनाला विसावा मिळतोच असे नाही.

अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत हीच व्यवस्था निराळ्या पायावर उभी आहे. तिथे सेवाज्येष्ठतेची एक यादी असते. रुजू झाल्याच्या दिवशी वैमानिकाला त्या यादीत शेवटचा क्रमांक मिळतो, आणि वरचे लोक निवृत्त होत जातील तसतसा तो वर सरकतो. दर महिन्याला प्रत्येक वैमानिक आपली पसंती नोंदवतो. कोणते मार्ग हवेत, कोणत्या दिवशी सुट्टी हवी, रात्री नको असे सर्व त्यात येते. या नोंदणीला तिथे ‘बिडिंग’ म्हणतात. संगणक सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची पसंती आधी पाहतो आणि मग खाली उतरतो. नवख्यापर्यंत येईतो नाताळ, शनिवार-रविवार आणि सोयीच्या वेळा संपलेल्या असतात. उरतो तो राखीव ड्यूटीचा महिना. जी उड्डाणे कोणाच्याच वाट्याला गेली नाहीत, ती जादा काम म्हणून मागता येतात. निकड मोठी असेल तर त्यांना दीडपट किंवा दुप्पट दरही मिळतो. येथेही अनेकदा ज्येष्ठाचा हक्क आधी असतो. उलट, कोणीच पुढे आले नाही तर सर्वांत कनिष्ठाला सक्तीने बोलावण्याची तरतूद काही करारांत असते. आपल्या नात्यातील कोणी तिकडे वैमानिक झाला असेल आणि पहिली काही वर्षे दिवाळीला घरी बोलू शकला नसेल, तर त्यामागे ही यादी असू शकते. तो दूर गेला, बदलला, असा अर्थ काढू नये.

आपल्याकडेही काही कंपन्या वैमानिकांना सुट्टीची किंवा मार्गाची पसंती कळवू देतात. तथापि सामान्यतः कंपनीच्या वेळापत्रक विभागाचाच शब्द चालतो.

सत्तर तासांचे गणित

‘महिन्याला सत्तर तास काम आणि लाखांत पगार,’ असे गावात कौतुकाने बोलले जाते. हे सत्तर तास म्हणजे केवळ उड्डाणाचे तास होत. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात मोजतात. बाकीचा वेळ या हिशेबात दिसत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. सकाळी सव्वासातला पहिले उड्डाण आहे. विमानतळावर सव्वासहाला हजेरी द्यायची, म्हणून गाडी पाचला दारात येते आणि उठावे लागते चारला. दिवसभरात सव्वा-सव्वा तासाची चार उड्डाणे आणि मधे पाऊण-पाऊण तासाचे तीन थांबे धरले, तर शेवटचे विमान अडीचला उतरते. कागदपत्रे उरकून तीनला सुट्टी होते आणि वाहतुकीतून घरी पोचायला सव्वाचार वाजतात. घराबाहेर सव्वाअकरा तास गेले, ड्यूटी पावणेनऊ तासांची झाली आणि हिशेबात उड्डाणाचे तास भरले फक्त पाच.

आता झोपेचे पाहा. चारला उठायचे, तर सात तासांच्या झोपेसाठी रात्री नऊला डोळा लागला पाहिजे. आपल्याकडे नेमके तेव्हाच शेतातून किंवा दुकानातून आलेले बाबा जेवण आटोपून मुलाला फोन लावतात. आई बोलते, मग आजी बोलते, मग काकांकडे फोन जातो. प्रेमाने केलेल्या या फोनमुळे सात तासांचे साडेपाच होतात. असे आठवड्यातून चार दिवस घडले, तर काय होते ते पुढे येईलच.

जादा तासांचा मोह

भारतात वैमानिकाच्या पगाराचा एक भाग ठरलेला असतो, आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. कंपनी किमान काही तासांच्या मोबदल्याची हमी देते. त्यापलीकडे उडालेल्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे मिळतात. हमीचा आकडा कमी झाला की काय होते, हे २०२४ च्या एप्रिल महिन्यात विस्तारा कंपनीत दिसले. एअर इंडियातील विलीनीकरणापूर्वी वैमानिकांसाठी जी नवी पगाररचना आली, तिच्यात हमीचे तास सत्तरांवरून चाळीसांवर आणले होते. अनेक वैमानिक नाराज झाले, बरेच जण आजारपणाच्या रजेवर गेले, उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला काही काळ आपली रोजची उड्डाणे सुमारे दहा टक्क्यांनी घटवावी लागली. या बदलाची झळ कनिष्ठ सहवैमानिकांना अधिक बसत होती, कारण त्यांचा पगार मुळातच कमी असतो.

नवख्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. वैमानिकाचे शिक्षण आज पन्नास लाखांच्या पुढे जाते, आणि ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कधीकधी त्याहून वेगळा असतो. आपल्या भागात अशी रक्कम बहुधा शेत किंवा घर तारण ठेवूनच उभी राहते. मुलाला हप्त्याची तारीख पाठ असते. अशा वेळी वेळापत्रक विभागाचा फोन येतो की अमुक सुट्टीच्या दिवशी एक जोडी उड्डाणे आहेत, करणार का? तो ‘हो’ म्हणतो. नव्याला नकार देण्याचा संकोच असतो. पुढे कॅप्टन व्हायचे तर तासही साठवायचे असतात. या ‘हो’ला आळशीपणाच्या उलट, म्हणजे कष्टाळूपणाचे लक्षण मानण्याची आपली रीत आहे. घरचेही म्हणतात, वय आहे तोवर करून घे.

माझे म्हणणे असे की, जादा तासांची मर्यादा कायद्याने आखलेली असली, तरी त्या मर्यादेच्या आत किती पुढे जायचे हे ठरवताना घरचा हप्ता बोलत असतो. म्हणून कर्ज किती काढायचे, त्याची मुदत किती ठेवायची, हा प्रश्न बँकेचा आहे तितकाच आरोग्याचाही आहे.

नियम काय सांगतात?

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, वैमानिकांच्या ड्यूटीच्या आणि विश्रांतीच्या मर्यादा ठरवते. सात दिवसांत ३५ तासांहून अधिक आणि वर्षात १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये या नियमांत मोठी सुधारणा जाहीर झाली. साप्ताहिक विश्रांती सलग ३६ तासांची होती, ती ४८ तासांची करण्यात आली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाच अशी होती, ती सहापर्यंत वाढवली गेली. रात्रीच्या ड्यूटीत विमान उतरवण्याची मर्यादा सहांवरून दोनवर आली. कंपन्यांच्या आक्षेपांमुळे अंमलबजावणी लांबली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेले, आणि अखेर पहिला टप्पा १ जुलै २०२५ पासून व दुसरा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर कोलमडली, ते आपल्याला आठवत असेल. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नसराईत अडकलेले प्रवासी विमानतळांवर रात्रभर बसून होते. नव्या नियमांप्रमाणे लागणाऱ्या वैमानिकांची तजवीज वेळेत झाली नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या ड्यूटीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, असे सांगणारे कलमही मागे घेतले गेले.

या शेवटच्या मुद्द्याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. रजा आणि विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजा बहिणीच्या लग्नासाठी असते, घरात कोणी आजारी असेल त्यासाठी असते. विश्रांती शरीरासाठी असते. बहिणीच्या लग्नात तीन रात्री जागून परतलेल्या मुलाने रजा उपभोगली हे खरे, पण विश्रांती घेतली नाही. कागदावर दोन्ही एकाच रकान्यात बसवल्या तरी शरीर त्या एकत्र मोजत नाही.

शरीराचे घड्याळ

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे, आणि ते सूर्यप्रकाशावर चालते. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे तापमान घसरलेले असते, सावधपणा सर्वांत कमी असतो आणि चुका सर्वाधिक होतात. विमान वाहतुकीच्या नियमांतही या वेळेची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. महिनोन्‌महिने रात्रपाळी केली म्हणजे शरीराला सवय होते, ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. सुट्टीच्या दिवशी माणूस पुन्हा कुटुंबासोबत दिवसा जागतो, आणि घड्याळ पूर्वीच्याच जागी परतते.

जागरणाचा परिणाम किती मोठा असतो? १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सलग सतरा तास जागे राहिलेल्या व्यक्तींची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या व्यक्तींइतकी खालावलेली आढळली. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊनंतर मोटारसायकल चालवत असेल, तर तो दारू न पिताही सुरक्षित मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो.

याहून चिंतेची गोष्ट थोड्या-थोड्या अपुऱ्या झोपेची आहे. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना सलग चौदा दिवस रोज केवळ सहा तास अंथरुणात राहू दिले. अखेरीस त्यांची सावधता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती. त्या व्यक्तींना स्वतःला मात्र आपण इतके मंदावलो आहोत असे वाटत नव्हते. म्हणून ‘मला काही होत नाही, मी ठीक आहे,’ या उत्तरावर डॉक्टरने विसंबू नये आणि आईनेही विसंबू नये.

सलग ४८ तासांच्या विश्रांतीत दोन रात्री याव्यात, हा आग्रह यासाठीच आहे. पहिल्या रात्री शरीर थकवा उतरवते आणि दुसऱ्या रात्री झोप मूळ लयीत येऊ लागते. दिवसा तितकेच तास झोपून हा लाभ पूर्ण मिळत नाही.

मंगळूरची आठवण

२२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले आणि आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॅप्टन प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता आणि जागा झाल्यावर झोपेची ग्लानी त्याच्यावर असावी, असे चौकशीत पुढे आले. गाढ झोपेतून उठल्यावर साधारण अर्धा तास विचार आणि निर्णय मंद राहतात. वैद्यकशास्त्रात ही अवस्था परिचित आहे. विमान उतरवू नका, पुन्हा वर घ्या, असे सहवैमानिकाने एकाहून अधिक वेळा सांगितले होते. ते ऐकले गेले नाही.

शेजारच्या खुर्चीवरील कनिष्ठ माणूस जागा असेल, तरच त्याला धोका दिसतो, आणि तो निर्भय असेल तरच बोलतो. थकलेल्या नवख्याकडून या दोन्ही गोष्टींची अपेक्षा धरता येत नाही.

येथे एक सावधगिरीही नोंदवतो. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणापूर्वी एक कॅप्टन कोसळले आणि त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत आपल्या भागात ‘कामाने बळी घेतला’ अशी चर्चा बरीच झाली. एका माणसाच्या हृदयविकाराचे कारण बाहेरून ठरवता येत नाही आणि ठरवू नये. वर्षानुवर्षे पाळीत काम करणाऱ्यांमध्ये रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका काहीसा अधिक आढळतो, एवढे मात्र वैद्यकशास्त्र सांगते. तेवढेच ध्यानात ठेवून तपासण्या वेळेवर कराव्यात.

घरच्यांनी काय करावे?

१. मुलाचे किंवा मुलीचे महिन्याचे वेळापत्रक मागून घ्या आणि स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी लावा. फोनची वेळ त्याप्रमाणे बदला. पहाटेची ड्यूटी असेल तर आदल्या दिवशी दुपारी चार-पाचला बोला. फोन आला नाही तर रुसू नका.

२. झोपेची खोली अंधारी, थंड आणि शांत हवी. रात्री उडून आलेल्याने दिवसा झोपताना जाड पडदे लावावेत आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. घरी सुट्टीवर आल्यावर पहिल्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नका. पहिली रात्र झोपेची असू द्या.

३. डुलकीला आळस समजू नका. रात्रीच्या कामापूर्वी दुपारी दीड तास, किंवा वेळ नसेल तर वीस-पंचवीस मिनिटे झोप घ्यावी. नासाने वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीनेही सावधता सुधारलेली दिसली. उठल्यावर काही वेळ जाऊ द्यावा, लगेच वाहन चालवू नये.

४. चहा-कॉफीचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरतो. झोपण्याच्या सहा तास आधी शेवटचा कप घ्यावा. झोप यावी म्हणून दारू घेणे ही घातक समजूत आहे, कारण तिने लवकर डोळा लागतो पण झोप तुटक होते. वैमानिकाला तर उड्डाणापूर्वी बारा तास मद्य कायद्यानेच वर्ज्य आहे.

५. सर्दीची, खाजेची किंवा झोपेची कोणतीही गोळी घरच्या डब्यातून काढून देऊ नका. सेटिरिझिन आणि क्लोरफेनिरामाइनसारख्या साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनीही गुंगी येते. वैमानिकाने प्रत्येक औषध विमानसेवेच्या डॉक्टरला विचारूनच घ्यावे. माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरकडे आल्यास आपला व्यवसाय आधी सांगावा.

६. रात्री मध्यरात्रीनंतर जड जेवण नको. थोडा भात-वरण, ताक, फळ किंवा मूठभर फुटाणे बरे. पित्त, बद्धकोष्ठता आणि वाढते वजन या पाळीतल्या माणसांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. त्यांचे मूळ बहुतेकदा जेवणाच्या वेळांत असते.

७. ड्यूटीनंतर थकलेल्या अवस्थेत नागपूरहून गावाकडे रात्री मोटार चालवत येण्याचा आग्रह धरू नका. महामार्गावर पहाटेची वेळ वैमानिकाला जशी धोक्याची, तशीच ट्रकचालकालाही असते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

मोठ्याने घोरणे आणि दिवसा अनावर झोप ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार तपासून घ्यावा. तीन-चार आठवडे झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, तर तेही सांगण्याजोगे आजार आहेत. वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल या भीतीने अनेक वैमानिक मनाचे दुखणे दडवतात. दडवलेले दुखणे वाढते, वेळेवर उपचार घेतलेले बहुधा आटोक्यात येते. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपण उडण्यास योग्य नाही असे वाटल्यास तसे कळवणे हे वैमानिकाचे कर्तव्य आहे, आणि थकव्याची नोंद करण्याची सोय विमान कंपन्यांत असते. तरीही नवख्याला ते जड जाते. नोकरी नवी असते, कर्ज डोक्यावर असते, आणि ‘घाबरट’ हा शब्द कानावर पडण्याची भीती असते. अशा दिवशी तो घरी फोन करतो. ‘एवढे पैसे घालून शिकवले आणि तू कामाला नाही म्हणतोस?’ हे वाक्य त्या वेळी आपल्या तोंडून निघू नये. ‘तू कळवलेस ते योग्य केलेस, हप्त्याचे आपण पाहू,’ असे म्हणा. त्यासाठी हप्ता असा असावा, की मुलाने महिन्यातील एकही जादा तास न उडता तो भरता येईल. प्रशिक्षणाला प्रवेश घेण्यापूर्वी, बँकेत सही करण्यापूर्वी, घरातल्या सर्वांनी बसून हा हिशेब करावा. जादा तासांतून येणारा पैसा त्यात धरू नये. तो आला तर बाजूला ठेवावा.

पुढील अंकात पाळीत काम करणाऱ्यांच्या आहाराविषयी सविस्तर पाहू. तोवर ज्या घरात रात्रपाळीचे माणूस दिवसा झोपले आहे, तिथे टीव्हीचा आवाज कमी ठेवा.